फौजेतून सुटलात, आता आखातात कामाला निघालात? आधी हे बघा

डिस्चार्ज बुक हातात पडलं की नाशिक रोड, देवळाली कॅम्प भागात कुणीतरी गाठतोच: ‘आधी व्हिजिट व्हिसावर चला, पोचल्यावर कामाचा करून घेऊ.’ तिथेच नाही म्हणा.

आपले बहुतेक जवान दहावी पास, त्यामुळे पासपोर्ट ईसीआरचा (परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा) नसतो. ईसीआरवाल्याला आखातात कामाला जाण्याआधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि त्यात करार तपासला जातो. तुम्हाला ती लागत नाही, म्हणजे तुमचा करार कुणी बघतच नाही. एजंटला हे पक्कं ठाऊक असतं. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिकडे बेकायदा आहे. पगार थकला तरी तक्रार करायची सोय उरत नाही आणि मुदत उलटली की दंड तुमच्या नावावर चढतो. तिकडची आपलीच मंडळी सांगतात, ‘आम्हीही असेच आलो.’ ज्यांचं फसलं ते सांगायला तिथे राहिलेलेच नसतात. रशियात मदतनीस म्हणून नेलेले भारतीय आघाडीवर पोचल्याचं 2024 मध्ये उघड झालं, तिथेही कामाचंच आमिष होतं.

एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः टाकून बघा. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 35,400 घेता येतात, तेही पावती देऊन. लाख-दीड लाख मागणारा बहुधा मधला सब-एजंट असतो. अमेरिकन लष्करी तळांवरच्या कंत्राटांत तर कामगाराकडून भरतीचे पैसे घ्यायला त्यांच्याच नियमांची बंदी आहे.

करारात एकूण पगाराआधी बेसिक बघा. यूएईत पहिली पाच वर्षं ग्रॅच्युइटी वर्षाला 21 दिवसांच्या बेसिकवर मिळते. पगार 1,500 दिरहम आणि बेसिक 600 असेल तर वर्षाचे 420 दिरहम, बेसिक 1,200 असेल तर 840. भत्ते त्यात धरत नाहीत.

गार्डच्या कामात गर्दी फार, आणि दुबईत सिराचं (तिथल्या सुरक्षा नियामक संस्थेचं) लायसन्स असल्याशिवाय उभंही राहता येत नाही. जनरेटर, अवजड वाहनं, स्टोअर, फायर यातला हात असेल तर तेच धरा. बायोडेटात नुसतं ‘ड्रायव्हर एमटी’ (फौजेतला वाहनचालक) लिहून तिकडच्या माणसाला काही कळत नाही. कोणतं वाहन, किती टनी, किती वर्षं, दुरुस्ती कुठपर्यंत जमते, ते लिहा. युनिटचं ठिकाण, तोफांची माहिती अजिबात नको. परदेशी जाण्याआधीच फौजी लायसन्सवरून आरटीओचं नागरी लायसन्स करून घ्या.

सौदी, ओमान, बहरीनला कागदांवर अपोस्टिल (कागद खरे असल्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा दाखला) चालतं. यूएई, कुवेत, कतारला त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का लागतो. वाफिदचं (आखाती देशांच्या मेडिकल व्यवस्थेचं) मेडिकल मागितलं असेल तर ते तिच्या यादीतल्या केंद्रातच करा.

पेन्शनसाठी एकच सांगतो: आधारला आणि स्पर्शला (फौजी पेन्शनच्या पोर्टलला) जोडलेलं सिम बंद पडू देऊ नका. हयातीचा दाखला असो वा बँकेचं काम, ओटीपी त्याच नंबरावर येतो. सिम बरोबर न्या, निघण्याआधी रोमिंग चालू करून घ्या आणि रिचार्जची तारीख घरच्यांना लिहून द्या.