हलक्या स्पोर्ट्स कारची उंची आणि स्प्रिंग

शॉकअपवर स्प्रिंगला आधार देणारी आट्यांची रिंग, म्हणजे कॉलर, फिरवून स्प्रिंग कडक होत नाही. तिने फक्त गाडी वर-खाली होते. कडकपणा तारेची जाडी, कॉईलचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांवर ठरतो. त्यामुळे आधी स्प्रिंग निवडा, उंची मग.

ड्रायव्हर बसल्यावर 700 किलो भरणारी गाडी धरू. पुढच्या एका चाकावर 160 किलो येतात. त्यातले चाक, हब, ब्रेकचे 25 गेले की स्प्रिंगवर 135 उरतात. रस्त्यावरही फिरवायची असेल तर पुढच्या स्प्रिंगवर गाडी सेकंदाला 1.8 वेळा, म्हणजे 1.8 हर्ट्झने, हेलकावली तरी पुरे. चाकापाशी लागणारा कडकपणा म्हणजे 135 × (2 × 3.14 × 1.8)², साधारण 17.3 न्यूटन प्रति मिलिमीटर. चाक 10 मिमी उचलल्यावर शॉकअप 7 मिमी दबत असेल तर गुणोत्तर 0.7. त्याच्या वर्गाने, म्हणजे 0.49 ने भागा: स्प्रिंग 35 न्यूटन प्रति मिलिमीटरची हवी. वर्ग करायला विसरलात तर स्प्रिंग 25 ची येते आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला खाली टेकते. मागे 2 हर्ट्झच्या आसपास धरा. मागचं टोक जरा लवकर सावरलं की गाडी डुलत नाही.

स्प्रिंगवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्प्रिंग दाबायला प्रेस आहेच. गुळाच्या अड्ड्यावर असतो तसला 300 किलोचा प्लॅटफॉर्म काटा खाली ठेवून 25 आणि 50 मिमी दाबा. दोन वजनांत 89 किलोच्या आसपास फरक आला तर स्प्रिंग 35 ची. गॅसने तापवून आखूड केलेली स्प्रिंग फुकट मिळाली तरी घेऊ नका. तिचा टेंपर, म्हणजे पोलादाला दिलेलं पाणी, गेलेला असतो.

उंची लावताना टायरची हवा ठरलेली, अर्धी टाकी पेट्रोल, सीटवर ड्रायव्हरच्या वजनाची वाळूची पोती, डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या अँटी-रोल बारची एक लिंक सुटी. चारही चाकांखालची जागा गवंड्याच्या पाण्याच्या नळीने समपातळीत आणा. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजाल तर फसाल: टायर आत ओढलेले असतात, गाडी तोऱ्यात उभी राहते. तीन-चार मीटर पुढे-मागे ढकला, दाबून सोडा, मग चासिसच्या ठरलेल्या बिंदूपासून मोजा. मडगार्डच्या कडेपासून नको, ती कधीच सरळ नसते.

2 मिमी पिचच्या (दोन आट्यांमधलं अंतर) कॉलरचा एक फेरा चाकापाशी जवळपास 3 मिमी देतो. पुढच्या दोन्ही कॉलर सारख्याच फिरवा. एकच फिरवलीत तर त्या कोपऱ्यावर आणि तिरक्या समोरच्या कोपऱ्यावर वजन वाढतं आणि ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. मागची उंची पुढच्यापेक्षा 5 ते 10 मिमी जास्त ठेवा. चाक धरणाऱ्या खालच्या आर्मचं बाहेरचं टोक आतल्यापेक्षा वर गेलं की समजा, गरजेपेक्षा खाली आलात.

आर्मच्या सांध्यातल्या रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा. हवेत लटकवून आवळले तर रबर पिळलेलं राहतं, उंची खोटी लागते आणि बुश लवकर फाटतात. टो आणि कॅम्बर, म्हणजे चाकांचे वरून आणि समोरून दिसणारे कोन, सगळ्यात शेवटी.

मग शॉकअपच्या दांड्यावर केबल टाय बांधून पन्हाळ्याला जाऊन या. टाय बंप स्टॉपला, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या रबरी अडथळ्याला, चिकटलेला दिसला तर आधी 5 मिमी उंची वाढवून पुन्हा जा. तरी चिकटला, तर स्प्रिंग बदला.