जत्रेच्या नाटकांचा हिशेब नोशनमध्ये ठेवताय? या चुका टाळा

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात सातेरी देवीच्या जत्रेला दोन रात्री मराठी नाटकं होतात. पुरुषांच्या भूमिका गावातलेच करतात. स्त्री-कलाकार, ऑर्गनवादक आणि तबलजी मात्र मानधन देऊन बाहेरून आणावे लागतात. हा पसारा मी वहीतून नोशन या नोंदी ठेवायच्या अ‍ॅपमध्ये आणला. ‘प्रयोग’ आणि ‘कलाकार’ असे दोन डेटाबेस (तक्ते, ज्यांतली प्रत्येक ओळ म्हणजे एक पान) केले आणि ते रिलेशनने, म्हणजे एका तक्त्यातून दुसऱ्यातली पानं निवडायच्या रकान्याने, जोडले.

मोठी चूक इथेच झाली. मानधनाचा आकडा मी ‘कलाकार’मध्ये लिहिला आणि ‘प्रयोग’मध्ये रोलअप (जोडलेल्या पानांवरचे आकडे उचलून आणणारा रकाना) लावून बेरीज घेतली. यंदा ऑर्गनवादकाचे ३,५०० चे ४,५०० केले, तर गेल्या वर्षीच्या दोन्ही रात्रींचा खर्चही हजार-हजाराने फुगला! खजिनदार वही घेऊन दारात: “अरे, दिलेले पैसे वाढले कसे?” रोलअप जुना आकडा धरून ठेवत नाही, जोडलेल्या पानावर आता जो आहे तोच उचलतो. मानधन ठरतं ते अमक्याने अमक्या रात्री काम केलं म्हणून, तेव्हा ते त्या जोडीपाशीच लिहायला हवं. त्यासाठी ‘सहभाग’ असा तिसरा डेटाबेस करा. एका ओळीत एक कलाकार, एक प्रयोग, एक आकडा. दोन्ही रिलेशनना एकाच पानाची मर्यादा घाला, म्हणजे एका ओळीत दोघं घुसणार नाहीत. ‘प्रयोग’मधला रोलअप आता ‘सहभाग’वर लावा. भूमिका कोणती, आगाऊ किती दिले, हेही त्याच ओळीत.

दुसरी कटकट नावांची. रिलेशनच्या रकान्यात टाइप केलेलं नाव सापडलं नाही की नोशन नवं पान करायचा पर्याय पुढे करतं, आणि आपण घाईत तो दाबतो. आमच्याकडे एकाच माणसाची ‘नाईक’ आणि ‘नायक’ अशी दोन पानं झाली, मग कुणीतरी मोबाइलवरून रोमनमध्ये तिसरं केलं. ‘दुसऱ्या रात्री’तला ‘ऱ्या’ तर दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसायला अगदी सारखा पण आतून वेगळा. हे कळेपर्यंत माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. जादा पान आधी पुसू नका. त्याच्या जोडण्या खऱ्या पानावर वळवा, मगच पुसा.

कलाकाराच्या पानावर त्याचे प्रयोग दिसत नाहीत म्हणून तिकडून दुसरं रिलेशन करू नका. ते स्वतंत्र राहतं आणि दोन्हीकडे वेगवेगळं भरलं जातं. पहिल्याच रिलेशनच्या सेटिंगमध्ये दुहेरी जोडणी चालू करा.

शेअर करताना जोडलेला डेटाबेसही द्यावा लागतो, नाहीतर समोरच्याला त्यातली नावं वाचता येत नाहीत. कलाकारांचे फोन नंबर सगळ्यांना द्यायचे नसतील तर वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवा. प्रॉपर्टी (म्हणजे रकाना) नुसती लपवली तर पान उघडून ती कुणालाही बघता येते.