जर्मनीत शिकायला जाताय? आधी पत्ता, मग बाकीचं

व्हिसा हातात पडला की घरात पहिली चर्चा बॅगेत काय भरायचं याचीच होते. त्याआधी एक गोष्ट पक्की करा. जर्मनीत ज्या खोलीत उतरणार आहात, तिचा मालक ‘ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्याकडे राहते’ असं सहीनिशी लिहून देणार आहे का? या कागदाला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग म्हणतात. शब्द जिभेवर बसायला महिना लागला तरी चालेल, कागद मात्र पहिल्या आठवड्यातच हवा. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत शहराच्या नागरी कार्यालयात, म्हणजे ब्युर्गरआम्टमध्ये, पत्त्याची नोंद करणं कायद्यानं बंधनकारक आहे. ही आनमेल्डुंग. नुसता भाडेकरार दाखवून ती होत नाही. आणि तिच्यावाचून पुढचं बहुतेक सगळं अडतं. बऱ्याच बँका खातं उघडत नाहीत, खातं नाही म्हणून व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात अडकवून ठेवलेले पैसे सुटत नाहीत, कराचा क्रमांक येत नाही, आणि निवास परवान्याचा अर्जही पुढे सरकत नाही.

म्हणून खोली शोधताना भाडं, अंतर, फोटो यांच्याही आधी एकच विचारा: इथे आनमेल्डुंग होईल का? उत्तर ‘नाही’ किंवा ‘नंतर बघू’ असेल तर ती खोली कितीही सुंदर असो, तात्पुरत्या मुक्कामापलीकडे तिचा उपयोग नाही. प्रवाशांसाठीची हॉस्टेलं आणि सुट्टीतल्या पर्यटकांसाठीच्या खोल्या हा कागद सहसा देत नाहीत. एखादा मित्र म्हणेल, माझ्या पत्त्यावर नाव टाक, राहा कुठेही. हा सल्ला ऐकू नका. जिथे राहतच नाही तिथला पत्ता देणं बेकायदा आहे, आणि असा पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रवेश मिळाला त्याच दिवशी श्टुडीरेंडनवेर्कच्या वसतिगृहासाठी अर्ज टाका. ही विद्यार्थ्यांसाठी काम करणारी सार्वजनिक संस्था आहे. वसतिगृहं आणि मेन्झा, म्हणजे विद्यापीठाची खानावळ, तीच चालवते. म्युनिक किंवा बर्लिनसारख्या शहरांत तिची प्रतीक्षायादी एकेक सत्र पुढे गेलेली असते, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबू नका. दुसरा मार्ग वेगे, म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेलं घर. तिथे राहणारी मंडळी व्हिडिओ कॉलवर तुम्हाला चार प्रश्न विचारतात आणि मग ठरवतात. स्वयंपाकघर किती वेळा पुसता हे विचारलं तर हसू नका, ते खरोखरच विचारत असतात. तिसरा मार्ग मला सगळ्यांत व्यवहार्य वाटतो: त्स्विशनमीटे. कुणी एका सत्रासाठी बाहेरगावी जातं आणि तेवढ्या काळापुरती खोली देतं. पहिले सहा महिने तिथे काढायचे आणि शहर कळलं की कायमची खोली शोधायची. मात्र आनमेल्डुंगचा प्रश्न इथेही विचारायचाच.

‘मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली पोस्टानं येईल’ असं कुणी लिहिलं तर संभाषण तिथेच थांबवा. खोली आणि माणूस पाहिल्याशिवाय, निदान ओळखीच्या कुणी प्रत्यक्ष जाऊन आल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. भाड्याचा आकडा वाचताना तो काल्टमीटे आहे की वार्ममीटे ते बघा. पहिल्यात नुसती जागा, दुसऱ्यात हीटिंग, पाणी आणि इमारतीचा खर्च धरलेला असतो. वीज आणि इंटरनेट कधी त्यात असतं, कधी नसतं. अनामत रक्कम काल्टमीटेच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला कायद्यानंच दिलेला आहे. किल्ली घेताना खोलीचे फोटो काढा आणि भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा हस्तांतरणाच्या कागदावर लिहून घ्या. सोडताना अनामत परत मिळण्याचा वाद याच कागदावर मिटतो.

आता पैसे. व्हिसासाठी श्पेरकोंटोमध्ये म्हणजे गोठवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा आहे. त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. पण हे पैसे तिथल्या चालू खात्यात येतात, आणि ते खातं उघडेपर्यंत दोन-तीन आठवडे सहज जातात. नेमका त्याच काळात खर्चाचा मारा असतो: पहिलं भाडं, अनामतीचा हप्ता, विम्याचा हप्ता, गादी, भांडी, थंडीचे बूट. तेव्हा श्पेरकोंटोतला एक पैसाही न धरता निदान दीड-दोन महिन्यांचा खर्च वेगळा काढून ठेवा. थोडी रोकड आणि उरलेली रक्कम परदेशात चालणाऱ्या कार्डावर, अशी विभागणी बरी. १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोकड नेत असाल तर युरोपीय संघात शिरताना सीमाशुल्क खात्याला आपणहून सांगावं लागतं. विद्यार्थ्यानं इतकी रोकड नेण्याचं कारण नाही, पण दोन नातेवाइकांनी निघताना पाकिटं हातात दिली तर मोजून घ्या. आणि भारतातलं मोबाइल सिम बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात. रोमिंगवर एसएमएस येतो का ते विमानतळावर नाही, आठवडाभर आधी तपासा.

कागदपत्रं हातातल्या बॅगेत ठेवा. पारपत्र, प्रवेशपत्र, पदवीच्या मूळ गुणपत्रिका, एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचा दाखला), श्पेरकोंटोचा दाखला, विम्याची कागदं, राहण्याच्या जागेचा पुरावा. यामागचं कारण अनेकांच्या लक्षात येत नाही: विमान ॲम्स्टरडॅम किंवा व्हिएन्नामार्गे असेल तर शेंगेन क्षेत्रातला, म्हणजे आपसात सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटातला प्रवेश तिथेच होतो. तिथला अधिकारी प्रश्न विचारतो तेव्हा मोठी बॅग विमानाच्या पोटात असते. सगळ्याच्या छापील प्रती न्या, फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. फोटोंचा गठ्ठा मात्र नेऊ नका. २०२५ पासून निवास परवान्यासाठी कागदी फोटो चालत नाहीत. तो डिजिटल स्वरूपात तिथल्या मान्यताप्राप्त स्टुडिओत किंवा कार्यालयातल्या यंत्रावर काढतात.

विम्याबाबत एक निर्णय निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो आणि तो मागे घेता येत नाही. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी पद्धतीच्या आरोग्य विम्यात सवलतीचा दर मिळतो, महिना दीडशे युरोच्या आसपास. खाजगी विमा स्वस्त दिसतो. पण सरकारी विम्यातून सूट घेऊन एकदा खाजगीकडे गेलात की शिक्षण संपेपर्यंत सहसा परतीची वाट नसते. जुनं दुखणं निघालं, मोठी शस्त्रक्रिया लागली, की स्वस्ताईचा हिशोब उलटतो. माझं मत स्पष्ट आहे: वय तिशीच्या आत असेल तर सरकारीच घ्या. नाव नोंदवताना विद्यापीठाला विम्याचा निरोप विमा संस्थेकडून थेट संगणकीय मार्गानं जातो, तुम्ही पाठवलेला पीडीएफ चालत नाही. त्यामुळे संस्थेला वेळेत कळवा. खाजगी विमा असला तरी हा निरोप सरकारी विमा संस्थेमार्फतच जावा लागतो. आणि हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होत असताना तुम्ही सप्टेंबरच्या मध्यावर उतरलात, तर मधल्या दिवसांसाठी प्रवास विमा वेगळा लागतो.

तिकीट काढताना वार बघा. शनिवारी रात्री उतरू नका. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या रेल्वे स्थानकांतली थोडी सोडली तर. ३ ऑक्टोबर हा एकीकरणाचा दिवस, देशभर सुट्टी, आणि तो नेमका विद्यार्थ्यांच्या येण्याच्या दिवसांत पडतो. सोमवार किंवा मंगळवारची सकाळ उत्तम: कार्यालयं उघडी, दुकानं उघडी, किल्ली देणारा माणूस जागेवर. विद्यापीठं सहसा ऑक्टोबरच्या मध्यावर वर्ग सुरू करतात, उपयोजित विज्ञानांची महाविद्यालयं मात्र सप्टेंबरमध्येच सत्र उघडतात. आपली संस्था कोणत्या प्रकारची आहे ते बघूनच तारीख धरा.

बॅगेबद्दल थोडक्यात. विजेचा दाब भारतासारखाच, २३० व्होल्ट. बारीक दोन पिनांचे चार्जर तिथे चालतात, तीन पिनांना अडॅप्टर लागतो. एक अडॅप्टर आणि एक एक्स्टेंशन बोर्ड नेलात की भागतं. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. मांसाचे आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून सामानात आणायला बंदी आहे. तुपाचा डबा आणि पेढे त्यातच येतात, आईला आधीच सांगून ठेवा. जाड कोट तिथेच घ्या.

उतरल्यावर पहिलं काम टपालपेटीवर आपलं नाव चिकटवणं. हे गमतीनं सांगत नाही. जर्मनीत खोली क्रमांकावर टपाल येत नाही, नावावर येतं, आणि पेटीवर नाव नसेल तर टपालवाला पत्र परत नेतो. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, अकरा आकडी करक्रमांक, सगळं टपालानंच येतं. दुसऱ्याच्या घरात तात्पुरते असाल तर पत्त्यात मूळ भाडेकरूचं नाव ‘द्वारा’ म्हणून घालायला लावा.

आनमेल्डुंगची वेळ भारतातूनच ऑनलाइन घेऊन ठेवता आली तर घ्या, मोठ्या शहरांत जवळची तारीख मिळणं अवघड असतं. न मिळाल्यास सकाळी लवकर संकेतस्थळ उघडून बघा, रद्द झालेल्या वेळा तेव्हा दिसतात. उशीर कार्यालयाच्या गर्दीमुळे झाला असेल तर वेळ घेतल्याचा पुरावा जपून ठेवा. अर्जात धर्म विचारतात, त्यामागे कराचा हिशोब आहे: नोंदणीकृत कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट सदस्यांकडून आयकराच्या आठ-नऊ टक्के चर्च कर घेतला जातो. काय लिहायचं ते समजून लिहा. नोंदणीचा दाखला मिळाला की त्याच्या चार प्रती काढा.

काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल. दर घरामागे महिना १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी द्यावंच लागतं. पत्र फसवणुकीचं समजून फेकू नका, थकबाकी वाढत जाते. मात्र शुल्क माणशी नाही, घराला आहे. वेगेत आधीच कुणी भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवला की तुमचं काम झालं.

व्हिसावरची शेवटची तारीख आजच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि तिच्या तीन महिने आधीची दुसरी. निवास परवान्याचा अर्ज व्हिसा संपण्यापूर्वी आउसलेंडरबेह्योर्डेकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे, पोचला पाहिजे. एवढं झालं की निर्णय लागेपर्यंत जुना दर्जा चालू राहतो आणि तसं फिक्सिओन्सबेशायनिगुंग नावाचं पत्र मागता येतं. हे पत्र हातात नसताना, व्हिसा संपलेला असताना सुट्टीला मायदेशी जायचं तिकीट काढू नका.

कामाचे नियम मार्च २०२४ पासून सैल झाले: वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. विद्यापीठातलं साहाय्यकाचं काम यात धरत नाहीत, म्हणून ते आधी शोधा. घरपोच डिलिव्हरीचं काम घेताना करार नोकरीचा आहे की स्वतंत्र व्यावसायिकाचा ते वाचा. दुसऱ्या प्रकाराला वेगळी परवानगी लागते आणि ती नसताना काम केलं तर निवास परवाना धोक्यात येतो.

खोलीत हिवाळ्यात खिडक्या घट्ट बंद ठेवण्याचा मोह होईल. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटं त्या पूर्ण उघडा, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि तिचा खर्च भाडेकरूच्या माथी मारला जाऊ शकतो. महिन्याला काही युरोंची हाफ्टफ्लिश्ट पॉलिसीही घ्या, म्हणजे तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा. घेताना त्यात हरवलेल्या किल्लीचा समावेश आहे का ते विचारा. इमारतीची किल्ली हरवली तर कधीकधी सगळी कुलुपं बदलावी लागतात.

तीन क्रमांक फोनमध्ये घाला: ११२ रुग्णवाहिका आणि अग्निशमन, ११० पोलिस, ११६११७ रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल पण जिवावरचं नसेल तेव्हा. रेल्वेत आणि बसमध्ये सत्र-तिकीट, म्हणजे विद्यार्थ्यांचं सत्रभराचं प्रवासतिकीट, जवळ ठेवा. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी यंत्रात छापून घ्या, नाहीतर ६० युरो दंड. आयसीई या वेगवान गाडीत सत्र-तिकीट चालत नाही.

शेवटी विद्यापीठातलं. वर्गाला बसलात म्हणून परीक्षेला बसता येत नाही, परीक्षेची नोंदणी वेगळी असते आणि तिची खिडकी ठरावीक दिवसांपुरतीच उघडी असते. पोर्टलवर तारखा पहिल्याच आठवड्यात बघून घ्या. एकाच विषयाला बहुतेक ठिकाणी तीनच प्रयत्न मिळतात. तिसऱ्यातही नापास झालात तर तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे शिकणंही बंद होऊ शकतं, म्हणून तयारी नसेल तर मुदतीत नाव मागे घेणं शहाणपणाचं. आणि पुढच्या सत्रासाठी रुकमेल्डुंग, म्हणजे सत्रशुल्क भरून नाव चालू ठेवणं, याची मुदत चालू सत्र संपण्याआधीच येते. आठवणीचं पत्र येईल म्हणून थांबू नका.