‘सर्टिफाइड’ सेकंडहँड गाडीचे रिकॉल बाकी आहे का, हे कसे तपासावे आणि काम कसे करून घ्यावे

कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, तपासणीचा छापील तक्ता आणि वॉरंटीचा कागद घेऊन जुनी गाडी विकत घेणाऱ्याची समजूत अशी असते की या गाडीचे सगळे पाहून झाले आहे. इंजिन, क्लच, टायर, एसी हे पाहिलेले असतेही. पण उत्पादनातील दोषामुळे कंपनीने दुरुस्तीसाठी माघारी बोलावलेली (यालाच रिकॉल म्हणतात) ती गाडी त्या कामासाठी वर्कशॉपला कधी गेली होती का, हे त्या तक्त्यात असतेच असे नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १७२ मुद्द्यांच्या तपासणीची जाहिरात करून जुन्या गाड्या विकल्या. त्यांतील काहींचे रिकॉल बाकी होते आणि ते ग्राहकाला नीट सांगितले गेले नव्हते, म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१६ मध्ये त्या कंपनीवर आणि दोन विक्रेता समूहांवर कारवाई केली. ‘तपासणीचे मुद्दे किती’ हा प्रश्न विक्रेत्याला विचारणे म्हणूनच मला निरुपयोगी वाटते.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून रिकॉलचे नियम लागू झाले. ही सक्ती उत्पादक कंपनीवर आहे आणि ती सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांपुरती आहे. ‘सात वर्षे झाली, आता काही होत नाही’ असे सांगणारे मात्र चुकीचे सांगतात, कारण कंपन्या स्वतःहून त्याहून जुन्या गाड्याही बोलावतात. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या प्रकरणात होंडाने २०१५ मध्ये भारतात थेट २००३ पासूनच्या गाड्या बोलावल्या होत्या.

सांगली-मिरजेच्या बाजारात एमएच-१२ आणि एमएच-१४ (पुणे, पिंपरी-चिंचवड) पासिंगच्या गाड्या भरपूर येतात. कंपनीचे पत्र किंवा एसएमएस जातो तो वर्कशॉपच्या नोंदीत असलेल्या मोबाइलवर, म्हणजे बहुधा पुण्यातल्या पहिल्या मालकाला, आणि गाडी विकून मोकळा झालेला माणूस तो पुढे पाठवण्याची तसदी घेत नाही. या गाड्यांची तपासणी म्हणूनच अधिक काटेकोर असावी.

सुरुवात चासी नंबरापासून करावी. तो आरसीवरून घ्यावा, जाहिरातीवरून किंवा विक्रेत्याच्या व्हॉट्सअॅप संदेशावरून घेऊ नये. परिवहनच्या संकेतस्थळावर त्याचे शेवटचे आकडे झाकलेले दिसतात, त्यामुळे आरसी समोर मागणे भाग आहे. नंबर सतरा अक्षरी असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात. ओसारखे जे दिसते ते शून्यच समजावे. नाव हस्तांतराच्या वेळी एजंट चासीवर कागद धरून पेन्सिल घासून जी चासी प्रिंट काढतो, तशीच एक प्रिंट किंवा निदान स्वच्छ फोटो व्यवहाराआधी आपणही काढून ठेवावा आणि आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहावे.

त्याच आरसीवरचा उत्पादनाचा महिना टिपून ठेवावा. केवळ वर्ष पुरत नाही. वॅगन आरचे उदाहरण घ्या. इंधनाच्या होजसाठी (नळीसाठी) मारुतीने १५ नोव्हेंबर २०१८ ते १२ ऑगस्ट २०१९ या काळात बनलेल्या एक लिटर इंजिनाच्या गाड्या बोलावल्या. फ्युएल पंपासाठी २०२० मध्ये पुन्हा एक लिटरच्याच, पण १५ ऑक्टोबर २०१९ पर्यंतच्या गाड्या बोलावल्या. मार्च २०२४ मध्ये ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ या काळातल्या काही गाड्या फ्युएल पंपाच्या मोटरसाठी बोलावल्या. म्हणजे ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात बनलेली एक लिटरची वॅगन आर तिन्ही मुदतींत बसते, आणि एका कामाची पावती दाखवून विक्रेता ‘रिकॉल झाले आहे’ म्हणत असेल तर उरलेल्या दोहोंचे काय, हे विचारणे क्रमप्राप्त आहे. खंबाटकी घाटात मागे ट्रक असताना इंजिन बंद पडणे म्हणजे काय, हे पुणे-सातारा रस्त्याने जाणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

यानंतर कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून पाहावा. मारुतीच्या बहुतेक गाड्यांचा नंबर एमए३ ने सुरू होतो आणि त्यापुढे चौदा अक्षरे-आकडे असतात. उत्तर काहीही आले तरी त्याचा स्क्रीनशॉट ठेवून पुढे जावे.

आता खरा अवघड टप्पा, वर्कशॉपचा. मला सुरुवातीला तो फार जड गेला, कारण काउंटरवर दोनच उत्तरे मिळत: ‘गाडी तुमच्या नावावर नाही’ किंवा ‘सगळे क्लिअर आहे’. पहिल्या उत्तरावर उपाय सोपा आहे. आरसी आणि गाडी विक्रेत्याच्या ताब्यात असते, तेव्हा विक्रेत्याचाच माणूस सोबत न्यावा. जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार गाडी ताब्यात आल्याची नोंद झाली की तो विक्रेता मानीव मालक (कायद्याच्या दृष्टीने मालक) ठरतो आणि दुरुस्तीसाठी गाडी सर्व्हिस सेंटरला नेण्याची त्याला मुभा असते. ‘आमच्याकडून नेता येत नाही’ हे उत्तर त्यामुळे मुळीच ऐकून घेऊ नये. ज्या विक्रेत्याला तीन किलोमीटरवरच्या वर्कशॉपला गाडी न्यायची नाही, त्याच्याकडून गाडी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडी त्या कंपनीच्याच वर्कशॉपला न्यावी. ह्युंदाईच्या विक्रेत्याने मारुतीची गाडी कितीही मनापासून तपासली तरी मारुतीच्या नोंदी त्याला दिसत नाहीत, आणि ओळखीच्या मिस्त्रीला तर त्या दिसण्याचा प्रश्नच नाही. होजची क्लॅम्प बदललेली आहे की नाही हे बॉनेट उघडून ओळखतो म्हणणाऱ्यावर विसंबू नये.

‘क्लिअर आहे’ हे दुसरे उत्तर अधिक घातक आहे, कारण त्याच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी असतात: या गाडीला कॅम्पेन (कंपनीची दुरुस्ती मोहीम) लागूच नव्हते, किंवा लागू होते आणि काम पूर्ण झाले. पुष्कळदा तिसरीही असते, ती म्हणजे सर्व्हिस अॅडव्हायझरने पाहिलेलेच नाही. म्हणून फक्त तोंडी चौकशी न करता जनरल चेकअपचे जॉब कार्ड (वर्कशॉपमधली कामाची नोंद) उघडायला सांगावे, चासी नंबर आपल्यासमोर टाकून घ्यावा आणि स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगावी. ‘रिकॉल आहे का’ एवढेच विचारू नये. ‘कोणतेही सर्व्हिस कॅम्पेन बाकी आहे का’ असेही विचारावे, कारण बऱ्याच कंपन्यांच्या नोंदी त्याच नावाखाली असतात. काम पूर्ण दाखवत असेल तर तारीख, वर्कशॉपचे गाव आणि त्या वेळचे किलोमीटर मागावेत. किलोमीटरचा आकडा अवश्य घ्यावा. आजच्या मीटरपेक्षा तो मोठा निघाला, तर रिकॉल राहू द्या, मीटर मागे फिरवले आहे हेच उघड होते.

काम बाकी निघाले तर घाबरण्याचे कारण नाही. दुरुस्ती मोफत असते, सुटा भाग आणि मजुरी दोन्ही, आणि मालक कितवा आहे याने त्यात फरक पडत नाही. मात्र कॅम्पेनसाठी स्वतंत्र जॉब कार्ड काढून घ्यावे. नियमित सर्व्हिसिंगच्या बिलात हे काम मिसळले की पुढे काय बदलले, कधी बदलले, याचा पुरावा हाती राहत नाही. मागावा तो कागद शून्य रुपयांच्या बिलाचा, ज्यावर कॅम्पेनचा उल्लेख आणि बदललेल्या भागाचे नाव आहे. भाग शिल्लक नसेल तर तसे जॉब कार्डवर लिहून घ्यावे आणि एअरबॅग, ब्रेक, स्टिअरिंग किंवा इंधनाचे काम असेल तर तो येईपर्यंत ताबा घेऊ नये. जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅग कंट्रोलरसाठी गाड्या बोलावताना मारुतीनेच भाग बदलेपर्यंत गाडी न चालवण्याचा सल्ला दिला होता. २०२१ मध्ये सियाझ, अर्टिगा, ब्रेझा वगैरे पेट्रोल गाड्यांच्या मोटर जनरेटर युनिटच्या वेळी साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, असे कळवले होते. कृष्णेला पाणी आले की सांगलीतले रस्ते कसे होतात हे माहीत असणाऱ्याने तेवढी सूचना गांभीर्याने घ्यावी.

विसार देण्यापूर्वी विक्रेत्याच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, इतके लिहून घ्यावे: “चासी क्रमांक अमुक या गाडीवर आजच्या तारखेस कोणतेही रिकॉल अथवा सर्व्हिस कॅम्पेन प्रलंबित नाही, लागू झालेल्या कॅम्पेनचे काम अमुक तारखेस अमुक वर्कशॉपमध्ये झाले आहे.” विक्रेता ‘विश्वास ठेवा हो’ म्हणेल. लेटरहेडचा कागद त्याच्याच टेबलावर असतो, तेव्हा दोन ओळी लिहायला त्याला वेळ लागत नाही.

गाडी आधीच घेतली असेल तर आरसी घेऊन सरळ वर्कशॉप गाठावे, क्रम तोच.

विक्रेत्याने खोटे लिहून दिले किंवा माहिती दडवली असे आढळले, तर प्रथम लेखी नोटीस द्यावी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे पुण्यातून घेतलेल्या गाडीसाठी साताऱ्याच्या माणसाला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. गाडीची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

नाव हस्तांतर झाले की वर्कशॉपच्या नोंदीतला जुन्या मालकाचा मोबाइल काढून आपला घालून घ्यावा. आरटीओत नाव बदलल्याने तो आपोआप बदलत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने फ्युएल पंपासाठी २०१७-१८ मधल्या गाड्या बोलावल्या, म्हणजे सहा-सात वर्षांनीही निरोप येतो, आणि तोवर चासी नंबर दर सहा महिन्यांनी कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहत राहावे.