आखूड नळीला जलद दारू हवी, हा समज मला का सोडावा लागला

पुण्यात शस्त्रास्त्र तंत्रज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले तेव्हा, नळी आखूड असेल तर काडतुसात झपाट्याने जळणारी दारू भरावी, नाहीतर ती नळीच्या तोंडाबाहेर जळून वाया जाते, असे मी ठामपणे धरून चाललो होतो. इंटर्नल बॅलिस्टिक्सकडे (गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत काय घडते याच्या अभ्यासाकडे) नव्याने वळणारे बहुतेक विद्यार्थी हाच समज घेऊन येतात, म्हणून तो कसा गेला ते सविस्तर सांगतो.

पहिल्या सत्रात मी ५.५६ मिमी काडतुसासाठी एक साधा संगणकीय आराखडा लिहिला आणि ५०८ व ३६८ मिलिमीटर अशा दोन नळ्या घेतल्या. कमाल दाब सारखाच ठेवून दोन प्रणोदके (म्हणजे काडतुसात भरायच्या दारूचे प्रकार) तपासली, तेव्हा तुलनेने सावकाश जळणाऱ्या प्रणोदकाने दोन्ही नळ्यांत जास्त वेग दिला; आखूड नळीत फरक कमी झाला, पण क्रम उलटला नाही. मला आराखड्यातच चूक असावी असे वाटले आणि ती शोधण्यात मी बरेच दिवस घालवले. कारण वेगळेच होते. गोळी नळीत सुमारे एक मिलिसेकंदच असते आणि दाब शिखर गाठतो तेव्हा ती जेमतेम काही सेंटिमीटर सरकलेली असते. सावकाश प्रणोदक त्याच दाबमर्यादेत जास्त भरता येते आणि शिखरानंतर त्याचा दाब हळूहळू उतरतो, त्यामुळे गोळीला पुढेही रेटा मिळत राहतो. आखूड नळीची किंमत मोजावी लागते ती तोंडाशी उरलेल्या दाबात, म्हणजे झोत, आवाज आणि कमी झालेल्या वेगात. अर्थात सावकाशपणालाही सीमा आहे: काडतूस काठोकाठ भरूनही पुरेसा दाब येत नसेल, तर ते प्रणोदक त्या गोळीसाठी निरुपयोगी आहे.

निवड खऱ्या अर्थाने ठरते ती काडतुसाची धारणक्षमता, नळीचा व्यास आणि गोळीचे वजन यांवरून. ५५ ग्रेनची (सुमारे ३.६ ग्रॅम) गोळी लवकर सरकते आणि वायूंना जागा मोकळी करून देते. ७७ ग्रेनची (सुमारे ५ ग्रॅम) गोळी जड असल्याने सावकाश हलते, शिवाय लांब असल्याने काडतुसातील जागाही अडवते. जागा कमी म्हणून दाब वाढतो, दाब वाढला की ज्वलन वेग घेते आणि त्यामुळे दाब आणखी चढतो. हे चक्र आवरण्यासाठी जड गोळीला सावकाश प्रणोदक लागते. ज्वलनदर दाबाच्या घातावर अवलंबून असतो, हा व्हिएलचा नियम इथे नुसता पाठ करून भागत नाही. घातांक थोडा बदलून आलेख कसा उसळतो ते स्वतः काढून पाहावे.

ज्वलनदरांचे तक्ते मात्र जपून वापरावेत. ते प्रणोदकांचा जलद ते सावकाश असा केवळ क्रम दाखवतात, अंतर दाखवत नाहीत, आणि काडतूस बदलले की शेजारच्या दोन नावांचा क्रमही बदलू शकतो. म्हणून त्यांवरून भरणीचे माप कधीही काढू नये. ते फक्त दाब मोजून तपासलेल्या, प्रसिद्ध आकडेवारीतूनच घ्यावे. आणखी एक सूचना: ‘ग्रेन’ हे वजनाचे एकक आहे आणि प्रणोदकाच्या कणालाही तोच शब्द वापरतात. माझ्या वहीत या दोन्हींची सरमिसळ झाली आणि एक संपूर्ण प्रकरण पुन्हा लिहावे लागले, म्हणून पहिल्या दिवसापासून सर्व वजने ग्रॅममध्येच लिहावीत.