पॅडल घेताय? आधी काट्यावर ठेवा

लातूरला माझं किराणा दुकान आहे. दिवसभर काट्यापुढं बसणारा माणूस पिकलबॉलचं पॅडलसुद्धा, म्हणजे त्या खेळाची बॅटसुद्धा, वजन करूनच घेणार!

पहिलं पॅडल तेवढं फोटो बघून मागवलं. लाकडी जोडी, वर दोन चेंडू फुकट. त्यातलं एक काट्यावर ठेवलं तर २९४ ग्रॅम. पंधरा दिवसांत कोपर असं धरलं की साखरेचा किलोचा पुडा उचलायचा म्हटलं तरी कळ यायची. तेव्हापासून कुणी चार-सहा हजारांतलं पॅडल विचारलं की मी म्हणतो, कंपनी नंतर बघा, वजन आधी. बहुतेक पॅडलं २१५ ते २४० ग्रॅमच्या दरम्यान भरतात. पन्नाशीतल्या हाताला २२५च्या आसपास बरं. डब्यावर आकडा औंसात असतो, ८ औंस म्हणजे २२७ ग्रॅम धरा. हलकं पॅडल कडेला वजनाची पट्टी चिकटवून जड करता येतं. जड पॅडल तासून हलकं कसं करणार?

मग जाडी. आत प्लास्टिकची, मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. ती १६ मिलिमीटर असली तर चेंडू शांत सुटतो, नेटपाशी अलगद टाकायला सोपं जातं. १३-१४ मिलिमीटरचं पॅडल चेंडू ताडकन फेकतं. आमच्या कोर्टवर निम्मे लोक क्रिकेटमधून आलेले. जोराची कमी कुणालाच नाही, चेंडू लाइनीच्या आत ठेवायची बोंब आहे. म्हणून १६च घ्या. आकार नेहमीचा, १६ इंच लांब, ८ रुंद. लांबुडकी पॅडलं हात बसल्यावर बघू.

वरचा पत्रा फायबरग्लासचा असेल तर स्वस्त पडतं आणि चेंडू उसळतोही चांगला. फिरकी द्यायची हौस असेल तर कार्बन फायबर, पण नख फिरवून बघा. खरखर कापडाच्या विणीसारखी लागली तर ठीक. नुसत्या रंगात कणी मिसळून आणलेली खरखर लवकर झिजते.

माठ घेताना आपण टिचकी मारतो ना, तशी पॅडलवर सगळीकडं मारा. मधला आणि कडेचा आवाज थोडा वेगळा येणारच. पण एखाद्याच जागी बद्द वाजलं किंवा आत काही खुळखुळलं, तर आतला जोड सुटलाय. परत करा.

मूठ धरल्यावर बोटं आणि तळवा यांच्यात दुसऱ्या हाताचं एक बोट बसायला हवं. मूठ थोडी बारीक असली तर चालते, वर ओव्हरग्रिपची पट्टी गुंडाळता येते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये घामानं ती तशीही सारखी बदलावी लागते, तेव्हा बजेटमधले दोन-तीनशे तिला ठेवा. आणि उन्हात उभ्या गाडीत पॅडल विसरू नका, आतला सगळा कारभार गोंदावर आहे.

स्पर्धेत उतरायचं असेल तर मान्यताप्राप्त यादीत तुमचं मॉडेल आहे का तेवढं तपासा. गल्लीत कोण विचारतंय!

पॅडल आलं की प्लास्टिक काढायच्या आधी जवळच्या वाण्याकडं जा, कुणी नाही म्हणत नाही. मी एकाच मॉडेलची दोन मागवली होती. एक भरलं २२४, दुसरं २३३. जड परत पाठवायचं ठरवून दुकानातून घरी आलो, तोवर हलकं आमच्या मंडळींनी आपल्या पिशवीत टाकलं होतं.