टायगर मॉथचं जिप्सी मेजर इंजिन हाताने स्टार्ट कसं करायचं

टायगर मॉथ म्हणजे जुनं ब्रिटिश प्रशिक्षण विमान. आधी त्याच्या इंजिनाबद्दल थोडं. जिप्सी मेजर म्हणजे डी हॅविलंड कंपनीचं 1932 चं इंजिन, फ्रँक हॅलफर्डचं डिझाइन, चार सिलिंडर, 6.1 लिटर, एअर-कूल्ड, साधारण 130 हॉर्सपॉवर. गंमत म्हणजे हे उलटं बसवलंय, क्रँकशाफ्ट वर आणि सिलिंडर खाली लटकलेले, म्हणजे पंखा (प्रोपेलर) जमिनीपासून उंच राहतो आणि पायलटला समोरचं जरा तरी दिसतं. (1932 मध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले त्या पस मॉथ विमानाचं इंजिन पण याच उलट्या जिप्सी घराण्यातलं.) टायगर मॉथला बॅटरी नाही स्टार्टर नाही, ब्रेकसुद्धा नाहीत, त्यामुळे पंखा हातानेच फिरवायचा आणि तो फिरवणाऱ्याने एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची, स्विच ऑफ असला तरी पंखा जिवंत आहे.

का ते सांगतो. घरातल्या स्विचच्या बरोबर उलटं आहे हे, मॅग्नेटोचा (बॅटरीशिवाय स्पार्कसाठी वीज बनवणाऱ्या यंत्राचा) स्विच ऑफ केला की त्याची वीज अर्थिंगला जाते आणि म्हणून स्पार्क पडत नाही. आता ती अर्थिंगची वायर कुठे तुटली असेल तर स्विच ऑफ दिसतोय पण स्पार्क चालूच. टायगर मॉथचे स्विच कॉकपिटच्या बाहेर लावलेत ते याचसाठी, समोरच्या माणसाला दिसावेत म्हणून, पण दिसतायत म्हणून विश्वास ठेवायचा नाही.

सुरुवात चाकांना चॉक (अडकण) लावून, कॉकपिटमध्ये जाणकार माणूस बसवून. रिकाम्या विमानाचा पंखा एकट्याने फिरवायचा नाही, कितीही घाई असली तरी. तेल बघून घ्या, टाकी डाव्या बाजूला बाहेरच आहे. खाली थेंब पडलेले दिसले तर घाबरू नका, हे इंजिन गळतंच, एकही थेंब नसेल तर मात्र टाकी आधी तपासा.

मग पेट्रोल चालू करून कार्ब्युरेटरच्या टिकलरची (त्यात जास्तीचं पेट्रोल भरू देणाऱ्या कळीची) रिंग ओढून धरायची, खाली पेट्रोल टपकायला लागेपर्यंत. आता मोठ्याने ओरडून बोलायचं, "स्विच ऑफ, थ्रॉटल बंद", आतल्याने तेच परत म्हणायचं, नुसती मान हलवलेली चालणार नाही. त्यानंतर पंखा हळूहळू चार ब्लेड (म्हणजे एकामागून एक चार पाती हाताखालून जातील इतका) ओढायचा म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल शोषलं जातं. दिशा समोरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांची. कुठे हाताला खूपच अडकल्यासारखं लागलं तर जोर लावू नका, सिलिंडर खाली असल्यामुळे त्यात तेल साचलेलं असू शकतं.

आता थ्रॉटल किंचित उघडा आणि ओरडा "कॉन्टॅक्ट!", म्हणजे आतल्याने स्विच ऑन करायचा. पायाखाली कोरडी घट्ट जमीन हवी, ओलं गवत नको, गळ्यात मफलर नको. बोटांची टोकं ब्लेडवर नुसती टेकवायची, मागच्या कडेला गुंडाळायची नाहीत, कारण इंजिन उलटं झटका देतं तेव्हा गुंडाळलेली बोटं सोबत जातात. एक झटका खाली आणि त्याच झोकात पाय मागे. "टक्" असा आवाज येतो तो इम्पल्सचा, हाताच्या वेगाने मॅग्नेटो पुरेसा फिरत नाही म्हणून आतली स्प्रिंग त्याला अडवून धरते आणि एकदम सोडते, मग बरा स्पार्क मिळतो. टक् ऐकूच आलं नाही तर पन्नास वेळा ओढून फक्त खांदा दुखेल.

चार-पाच झटक्यांत नाही लागलं तर बहुतेक जास्त पेट्रोल गेलंय. स्विच ऑफ, थ्रॉटल पूर्ण उघडा, पंखा उलटा काही फेरे फिरवा, मग थ्रॉटल परत जागेवर, आणि हे विसरलात तर पुढच्या झटक्याला इंजिन फुल पॉवरवर तुमच्या तोंडासमोर लागेल.

लागलं की ऑइल प्रेशरकडे बघा, अर्ध्या मिनिटात काटा हलला नाही तर लगेच बंद. चढला तर चारेक मिनिटं हळू चालू द्या, आणि चॉक काढायला पंख्याच्या मागून बाजूने जा, समोरून अजिबात नाही.